वावरातल्या निलगिरीचं तेल : भट्टीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

वरोरा तालुक्यातल्या आमच्या वावरात चार एकर निलगिरी आहे, क्लोनची, म्हणजे एकाच झाडाच्या कलमांपासून वाढवलेली. लाकूड कागदाच्या कारखान्याकडे जातं आणि पाला तिथेच पडून वाळतो. मग उन्हाळ्यात कोणाची तरी बिडी पडते आणि धुरा (बांध) पेटतो. यंदा निम्म्या प्लॉटची तोड सुरू झाली, तेव्हा पाला भट्टीत घालून पाहायचं ठरवलं. तेल काढणं ही अर्धीच गोष्ट. त्या तेलात नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय त्याला भाव नाही, म्हणून या नोंदीत भट्टीपेक्षा तपासणी जास्त येईल.

वेल्डरकडून टाकी करून घेतली : १०० लिटर, ३०४ स्टील, तळाशी पाणी, पाण्यापासून वीतभर वर जाळी, जाळीवर पाला, वर नटबोल्टचं झाकण. झाकणातून दीड इंची पाइप कंडेन्सरला. कंडेन्सर म्हणजे वाफ थंड व्हायला २०० लिटरच्या ड्रममध्ये स्टीलच्या नळीची गुंडाळी. खर्च : टाकी ३६,०००, गुंडाळी आणि ड्रम ११,५००, सेपरेटर (तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) ३,२००, विटांची चूल आणि चिमणी घरच्या मजुरीवर. वेल्डर तांब्याची नळी सुचवत होता, स्वस्तात मिळत होती. कच्चं तेल थोडं आम्लधर्मी असतं, तांब्यातून आलं की हिरवट झाक धरतं. म्हणून नको म्हटलं.

२३ नोव्हेंबर

पहिला घाणा. २२ किलो पाला, तीन तास आच, तेल जेमतेम ६० मिली.

पाला काड्यांसकट भरला होता. तेलाच्या पिशव्या पानात असतात, काडीत नाही, म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा फुकटचा. शिवाय काड्यांमुळे मध्ये पोकळ्या राहिल्या. वाफेने एका बाजूने वाट काढली आणि बाकीचा पाला न शिजता तसाच राहिला. झाकण उघडलं तर डावीकडची पानं तपकिरी आणि उजवीकडची हिरवीगार. आता पानं ओरबाडून घ्यायची, दोन दिवस सावलीत सुकवायची (वजन कमी होतं, पानं लवचीक होऊन दाटून बसतात) आणि थरावर थर पायाने दाबून भरायची. मधोमध जास्त दाबायचं नाही, कडेला दाबायचं. वाफ कडेनेच पळते.

२७ नोव्हेंबर

झाकणाखालचा काळा रबरी गॅस्केट फुगून दुप्पट झाला आणि वास सोडायला लागला. निलगिरीच्या वाफेपुढे साधं रबर टिकत नाही. तेल पिवळं आलं, टायरचा वास वेगळाच. तो घाणा विकण्यालायक नाही. फरशी पुसायला ठेवला.

तात्पुरता इलाज आमच्या काकूंनी केला : घट्ट कणीक मळून झाकणाच्या कडेने लावली. आच लागली की ती भाजून कडक होते आणि वाफ कोंडली जाते. दर घाण्याला पाव किलो कणीक. नंतर टेफ्लॉनची पट्टी मागवली, ९४० रुपये.

३ डिसेंबर

२८ किलो नुसता पाला, तेल २१० मिली. पाऊण टक्का. या जातीला एवढं बरं म्हणायचं.

सेपरेटरबद्दल दोन शब्द, कारण इथे तेल सर्वांत जास्त वाया जातं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. खालून निघणारं पाणी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीने बाहेर काढायचं. आमची नळी रुंद होती, पाणी भसाभस जाई आणि तेलाचे बारीक थेंब सोबत घेऊन जाई. नळी अर्ध्या इंचाची केली. कंडेन्सरमधून येणारं पाणी हाताला कोमट लागावं, गरम नाही. तेल गाळून त्यात निर्जल सोडियम सल्फेट टाकायचं, चमचाभर. पाण्याचा अंश राहिला तर पुढच्या सगळ्या मोजण्या खोट्या येतात.

९ डिसेंबर

नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याने भाव सांगितला नाही, एकच विचारलं : "सिनिऑल किती?"

१,८-सिनिऑल म्हणजेच युकॅलिप्टॉल. सर्दीच्या बाटलीतला जो वास आपण ओळखतो तो याचा. १८७० मध्ये क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला युकॅलिप्टॉल हे नाव दिलं. औषधी तेलाला युरोपीय औषधकोश (औषधांचे निकष ठरवणारा ग्रंथ) किमान ७० टक्के सिनिऑल मागतो. बाजारातली औषधी निलगिरी बहुतेक युकॅलिप्टस ग्लोब्युलस या थंड डोंगराळ हवेच्या झाडाची असते. निलगिरी पर्वतावर तिची लागवड १८४३ पासून आहे. चंद्रपूरच्या उन्हात ते झाड जगत नाही. आपल्याकडे मैदानात आहे ती टेरेटिकॉर्निस आणि कॅमल्डुलेन्सिस या दोन जातींची गोतावळ, आणि तिची निवड झाली ती लाकूड सरळ आणि भरभर वाढावं म्हणून. पानातल्या तेलाकडे निवडणाऱ्यांनी पाहिलंच नाही. म्हणजे आमच्या पाल्यात काय निघेल हे झाडावर कुठे लिहिलेलं नाही.

व्यापाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मोजायला हवं. दरवेळी जीसी-एमएस, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी, परवडत नाही, एका नमुन्याचे करासह तीनएक हजार. आधी स्वस्त मोजमाप.

१२ डिसेंबर

स्वस्त मोजमाप म्हणजे घनता. १० मिलीची घनता बाटली ४५० रुपयांना आणि तीन दशांश दाखवणारा काटा कॉलेजातून. तत्त्व सोपं आहे. सिनिऑलची घनता ०.९२ च्या वर. तेलातले हायड्रोकार्बन, म्हणजे अल्फा-पायनिन, लिमोनिन, पॅरा-सायमिन, सगळे ०.८४ ते ०.८६ च्या आसपास. तेल जितकं जड तितकं सिनिऑल जास्त, असा हिशोब.

तुलनेला शेजाऱ्यांनी उटीहून आणलेली बाटली घेतली. ती सकाळी मोजली, ०.९१९. आमचं तेल दुपारी भट्टीजवळच मोजलं, ०.८८२. फरक पाहून तोंड उतरलं. मग लक्षात आलं की सकाळी शेडमध्ये १७ अंश होते आणि भट्टीजवळ ३०. अशा तेलांची घनता दर अंशाला साधारण ०.०००८ ने उतरते. तेरा अंशांचे ०.०१० झाले. सिनिऑल आणि हायड्रोकार्बन यांच्यातलं अंतरच मुळात ०.०७ च्या घरात, म्हणजे नुसत्या तापमानाने सिनिऑलमध्ये पंधरा टक्क्यांची खोट.

तेव्हापासून नियम : बाटली माठाच्या पाण्यात बुडवून २० अंशांवर आणायची आणि मगच तोलायची. तसं केल्यावर आमचं तेल ०.८९०, उटीचं ०.९१६.

१४ डिसेंबर

घनता वाढवायची म्हणून घाणा तीन तासांऐवजी पाच तास चालवला. घनता ०.९०३! औषधकोशातली हद्द ०.९०६ ते ०.९२७. सगळ्यांना पेढे द्यायचे बाकी होते.

पण बाटलीचा वास घेतला तर निलगिरीचा झणका उलट कमी झालेला. ओल्या लाकडाचा, मातकट, जरा मिरीसारखा वास पुढे आला होता. कॉलेजातले सर म्हणाले, आधी अपवर्तनांक पाहू, पेढे नंतर. अपवर्तनांक म्हणजे तेलात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा.

२२ डिसेंबर

कॉलेजच्या अॅबे रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब पुरतात. २० अंशांवर :

उटीची बाटली : घनता ०.९१६, अपवर्तनांक १.४६१.
आमचा पहिल्या तासाचा भाग : ०.८९१ आणि १.४६८.
पाच तासांचं एकत्र तेल : ०.९०३ आणि १.४७४.

शुद्ध सिनिऑलचा अपवर्तनांक १.४५८ च्या जवळ असतो, बहुतेक साथीदारांपेक्षा कमी. पायनिन १.४६६, लिमोनिन १.४७३, पॅरा-सायमिन १.४९१. म्हणजे सिनिऑल खरंच वाढलं असतं तर घनता वर आणि अपवर्तनांक खाली गेला पाहिजे होता. आमचे दोन्ही आकडे वर गेले. जे वाढलं ते शेपटाकडचं होतं : टर्पिनिऑल, स्पॅथ्युलेनॉल, ग्लोब्युलॉल असली जड अल्कोहोलं. घनतेला ती सिनिऑलसारखीच जड, पण अपवर्तनांक चढा. वाफेसोबत ती सावकाश येतात. सिनिऑल आणि पायनिन बहुतांश पहिल्या तास-सव्वा तासातच उतरून जातात.

हे कोणीच लिहून ठेवत नाही म्हणून ठळक सांगतो : एकटी घनता फसवते, एकटा अपवर्तनांकही फसवतो. दोन्ही एकाच तापमानाला घ्या आणि सोबत पाहा. आणि सव्वा-दीड तासापुढचं तेल वेगळ्या बाटलीत धरा. मिसळू नका. सरपणही वाचतं.

पाच तासांच्या घाण्यांत जळालेलं लाकूड वायाच गेलं. तेही आमचंच लाकूड, कारखान्याला तोलून जाणारं.

८ जानेवारी

पहिल्या तासाच्या भागाचा जीसी-एमएस रिपोर्ट आला. १,८-सिनिऑल ५३ टक्के. लिमोनिन : आढळलं नाही.

घरी आनंद. मला मात्र ते "आढळलं नाही" खटकलं. या गोताच्या तेलात लिमोनिन मुळीच नसावं हे जरा अवघड. शिवाय हिशोब जमेना. ५३ टक्के सिनिऑल धरलं तर घनता ०.८९१ पेक्षा बरीच वर यायला हवी होती.

प्रयोगशाळेला फोन करून विचारलं, कोणता कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी कोणत्या प्रकारची? साधा अध्रुवीय. या कॉलमवर पॅरा-सायमिन, लिमोनिन आणि सिनिऑल एकामागोमाग जवळजवळ चिकटून बाहेर पडतात. लिमोनिन आणि सिनिऑल तर बऱ्याचदा आलेखाच्या एकाच शिखरात शिरतात. संगणक त्या शिखराचं मधलं चित्र ओळखीच्या संयुगांच्या साठवलेल्या नोंदींशी जुळवतो, "सिनिऑल" म्हणतो आणि सगळं क्षेत्रफळ त्याच्या नावावर टाकतो.

त्यांच्या ऑपरेटर ताई भल्या निघाल्या. त्यांनी फोनवरच तो शिखर उघडून दाखवला : पुढच्या उतारावर ६८ आणि ९३ ची वस्तुमानं उठून दिसत होती, ती लिमोनिनची खूण. मागच्या उतारावर १५४ आणि १३९, ती सिनिऑलची. एकाच डोंगरात दोघे. म्हणाल्या, ध्रुवीय कॉलमवर पुन्हा चालवते, निम्मे पैसे द्या.

१९ जानेवारी

ध्रुवीय कॉलमवरचा रिपोर्ट. पहिल्या तासाचा भाग :

१,८-सिनिऑल ४४, अल्फा-पायनिन १८, पॅरा-सायमिन १५, लिमोनिन ९, गॅमा-टर्पिनिन ५, अल्फा-टर्पिनिऑल ३, टर्पिनेन-४-ऑल २, बीटा-पायनिन १. बाकी किरकोळ.

हे आकडे घेऊन घनता काढली तर ०.८९१ येते आणि अपवर्तनांक १.४६८. आपल्या बाटलीने आणि काट्याने जे सांगितलं तेच. माझा विश्वास आता रिपोर्टवर बसला तो यामुळे. उलट असतं तर मी तिसरा रिपोर्ट मागितला असता.

रिपोर्ट मागवणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं : कॉलम कोणता, लिमोनिन आणि सिनिऑल वेगळे झाले का, आणि टक्केवारी क्षेत्रफळाची की प्रमाणित द्रावणाशी ताडलेली. क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणजे वजनाची टक्केवारी नव्हे. व्यापाऱ्याशी बोलताना हा फरक सांगितला नाही तर पुढे वाद होतो.

पॅरा-सायमिन १५ आलं त्यातलं थोडं आमच्या साठवणुकीचं असावं. नमुना पाठवण्याआधी अर्धी भरलेली पांढरी बाटली खिडकीत राहिली होती. हवा आणि ऊन मिळालं की टर्पिनिनसारखी संयुगं हळूहळू पॅरा-सायमिनकडे झुकतात. आता सगळं तेल तपकिरी काचेत, गळ्यापर्यंत भरून, धान्याच्या खोलीत. प्लास्टिकच्या डबीत ठेवलेलं थोडं तेल होतं, त्या डबीचं झाकण मऊ पडून वाकलं.

२५ जानेवारी

४४ चे ७० करायचे तर पुन्हा ऊर्ध्वपातन करून भाग वेगळे करावेत असं सगळे सुचवतात. कॉलेजात काचेच्या तुकड्यांनी भरलेला स्तंभ आहे. २०० मिली तेल विजेच्या मँटलवर लावलं (उघड्या ज्योतीवर हे तेल कधीही तापवू नये). थर्मामीटर १५६ च्या वर गेला तसं पायनिन यायला लागलं, जंगली देवदाराच्या वासाचं. ते वेगळं काढलं. मग पारा १७५ ते १७७ वर येऊन बसला तो हललाच नाही.

हलणार कसा? सिनिऑल उकळतं १७६ ते १७७ अंशांवर, लिमोनिन १७६ वर, पॅरा-सायमिन १७७ वर. तिघांना उकळबिंदूने वेगळं करणं आपल्या स्तंभाच्या बसची बात नाही. पायनिन गेलं, शेपूट मागे राहिलं, आणि मधल्या भागात हे तिघे एकमेकांचा हात धरून आले.

कागदावर हिशोब केला. १०० भागांतून पायनिन आणि शेपूट वजा केलं की उरतात ४४ सिनिऑल, १५ सायमिन, ९ लिमोनिन, ५ टर्पिनिन : एकूण ७३. ४४ भागिले ७३ म्हणजे ६०. मधल्या भागाची घनता ०.८९७ आली, आधीपेक्षा वर. अपवर्तनांक मात्र १.४६८, तसाच्या तसा, कारण सिनिऑलबरोबर सायमिनही दाट झालं.

कारखाने यातून थंडीने मार्ग काढतात. शुद्ध सिनिऑल दीड अंशालाच गोठतं, म्हणून आधीच सिनिऑलने समृद्ध असलेलं तेल गोठवून स्फटिक वेगळे करतात. आमच्या ६० टक्क्यांना घरच्या फ्रीजरमध्ये एक स्फटिक पडला नाही.

थोडक्यात, भट्टी झाडाला सुधारत नाही. इतके दिवस भट्टीवर घालवले ते झाडांवर घालवायला हवे होते.

२ फेब्रुवारी

मध्येच एक गंमत. मामांनी रस्त्याकडेच्या झाडाची पानं आणली, "ही घ्या जास्त वासाची निलगिरी." चुरगळली तर लिंबाचा वास. ही सिट्रिओडोरा. १९९५ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कॉरिंबिया वंशात धरतात. तेल काढलं : घनता ०.८६६, अपवर्तनांक १.४५२. अपवर्तनांक सिनिऑलच्याही खाली गेला की समजायचं, हे सिट्रोनेलाल. साबण-अगरबत्तीवाले हे तेल आवडीने घेतात, पण सर्दीच्या बामवाल्याला चालत नाही. ही पानं सावकाश शिजवायची नाहीत. गरम आम्लट पाण्यात फार वेळ राहिलं की सिट्रोनेलाल वळून आयसोप्युलेगॉल होतं आणि लिंबाचा ताजेपणा जातो. जोरदार वाफ, कमी वेळ.

चार झाडं आहेत रस्त्याला, त्यावर धंदा होत नाही. पुढे.

११ फेब्रुवारी

झाडनिहाय तपासणी सुरू. कॉलेजातलं क्लेव्हेंजर उपकरण : गोल तळाच्या चंबूत १०० ग्रॅम पानं, पाणी, वर मोजणीच्या खुणा असलेली नळी. एका झाडाला अडीच तास.

अडचण अशी की १०० ग्रॅममधून तेल येतं मिलीभर, आणि घनता बाटलीला लागतं १० मिली. मग उलटी पद्धत धरली. आधी अपवर्तनांक, त्याला दोन थेंब पुरे. लिंबाचा वास नाही आणि अपवर्तनांक १.४६३ च्या खाली, तर ते झाड पुढच्या फेरीत. कारण या तेलांतल्या मुख्य घटकांपैकी इतका खाली आणणारं सिनिऑलशिवाय दुसरं कोणी नाही. पायनिनसुद्धा १.४६६ च्या खाली नेत नाही.

पानं घेताना शिस्त लागते. एकाच उंचीवरची, पूर्ण वाढलेली, सकाळची. कोवळ्या आणि जून पानांच्या तेलात फरक पडतो. पहिल्या दिवशी पोरांनी हाताला येतील ती पानं आणली, ते सगळे नमुने टाकून दिले.

२४ फेब्रुवारी

क्लोनच्या प्लॉटमधली झाडं सगळी १.४६७ ते १.४६९. होणारच, एकाच झाडाच्या प्रती त्या. एक तपासलं काय आणि दहा तपासली काय.

धुऱ्यावरच्या जुन्या ओळीत मात्र मजा आहे. ती झाडं आजोबांनी सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेली, बियांची. शेजारशेजारच्या दोन झाडांत १.४७९ आणि १.४६४. पहिल्याच्या तेलाला जिऱ्यासारखा वास, तिथे सायमिन भरपूर असणार. दिसायला दोन्ही सारखीच, साल तशीच, पान तसंच. ऑस्ट्रेलियात हे फार आधी लक्षात आलं होतं. बेकर आणि स्मिथ यांनी १९०२ मध्ये निलगिरीच्या तेलांवर मोठा ग्रंथ काढला, त्यानंतर एकाच जातीत तेलाचे वेगवेगळे प्रकार सापडत गेले. डाइव्हज या जातीचं एक झाड पिपेरिटोन देतं तर दुसरं सिनिऑल. कॅमल्डुलेन्सिसमध्येही उत्तर क्वीन्सलंडातल्या पेटफोर्ड भागातली झाडं सिनिऑलसाठी नावाजलेली आहेत.

६ मार्च

विहिरीकडून मोजलं तर धुऱ्यावरचं शेवटून तिसरं झाड : १.४६२.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या दोन फांद्या उतरवल्या, १२ किलो पानं निघाली. टाकीत सव्वा तासाचा घाणा, ११० मिली. घनता २० अंशांवर ०.९१३. दोन्ही आकडे एकाच दिशेने बोलत होते, म्हणून तीन हजार खर्चायला मन धजलं.

२१ मार्च

ध्रुवीय कॉलम. सिनिऑल ७१, अल्फा-पायनिन १३, लिमोनिन ६, अल्फा-टर्पिनिऑल ५, पॅरा-सायमिन १. अल्फा-फेलँड्रिन नगण्य (औषधकोशाची मर्यादा १.५ टक्के), कापूर नाही.

कापराची ०.१ टक्क्याची मर्यादा औषधकोशात का आहे हे व्यापाऱ्याने सांगितलं. चीनमध्ये "निलगिरी तेल" म्हणून जे निघतं त्यातलं बरंचसं कापूरवर्गी झाडांच्या तेलातून वेगळं केलेलं सिनिऑल असतं. त्यात कापराचा माग राहतो.

व्यापारी रिपोर्ट पाहून म्हणाला, "असं महिन्याला किती देता?" एका झाडाच्या जोरावर त्याला काय सांगणार!

२७ मार्च

झाड मोठ्या काकांच्या हिश्शात. त्यांनी ती ओळ बल्ल्यांसाठी विकायची बोलणी आधीच केलेली. जून झाडाच्या फांदीला मुळं फुटत नाहीत. झाड बुडाशी कापलं तर बुंध्यातून जे धुमारे येतात त्यांच्या कलमांना फुटतात. म्हणजे माझ्या कामासाठीही झाड तोडायलाच हवं, फक्त माझ्या पद्धतीने : कुऱ्हाडीने नाही, करवतीने, जमिनीपासून वीतभर उंच, तिरका काप, साल न फाटता. आणि नंतर बुंधा त्यांनी नांगरायचा नाही.

काका म्हणाले, "लाकडाचे पैसे माझे, खुंट तुझं. पण पाच वर्षं. त्यानंतर धुरा मोकळा पाहिजे." लिहून घेतलं नाही, काकूंच्या समोर बोलणं झालं आहे, तेवढं पुरतं.

११ एप्रिल

भट्टी बंद. शेडमध्ये दुपारी ४४ अंश, कंडेन्सरच्या ड्रममधलं पाणी सकाळी दहालाच कढत. वाफ थंड न होता सरळ नळीतून बाहेर पडते आणि सगळ्या शेडभर निलगिरी, बाटलीत काही नाही. पहाटे चारला पेटवून पाहिलं, आठपर्यंतच जमतं.

बंद करण्याचं खरं कारण दुसरं. या तेलाचा भडका उडण्याचा बिंदू पन्नास अंशांच्या जरा खाली आहे. शेडचा पत्रा तापलेला, शेजारी चूल, आणि मध्ये तेलाची उघडी किटली. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे करू नये. तेल शेडमधून घरात हलवलं, आणि घरात लहान मुलं असल्याने कुलुपात. चमचाभर तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते. वास औषधाचा असतो म्हणून मोठी माणसं निष्काळजी राहतात.

आतापर्यंतचा खर्च सत्तर हजारांच्या पुढे. विकलं गेलेलं तेल : गावातले गुडघेदुखीवाले आणि एक कीर्तनकार. क्लोनच्या पाल्याचं ४४ टक्क्यांचं तेल एक फिनाइलवाला घ्यायला तयार आहे. त्याला वासाशी मतलब आहे. भाव कमी, पण पाला तर तसाही जळत होता. पुढच्या तोडीला तेच करणार.

९ जून

खुंटाला धुमारे चांगले आलेत, वीत-दीड वीत. पहिल्या ट्रेची कलमं बहुतेक काळी पडली. शेडनेटखाली हवा कोरडी होती, आणि पानं अख्खी ठेवली होती. दुसऱ्या ट्रेला पानं अर्धी कापली, खालचं टोक आयबीए पावडरमध्ये (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) बुडवलं, वरून प्लास्टिकचा बोगदा, दिवसातून चार वेळा फवारा. यातल्या निम्म्या तरी हिरव्या आहेत. मुळं आली का हे उपटून पाहायचा मोह पोरांना आवरत नाही, त्यांना ट्रेपासून लांब ठेवलंय.

एक शंका उरली आहे ती लागवडीआधी फेडायची. धुमाऱ्याची पानं कोवळी, रुंद, समोरासमोर. जुन्या झाडाच्या पानांपेक्षा त्यांचं तेल वेगळं असू शकतं. खुंटावरचीच १०० ग्रॅम पानं काढून ठेवली आहेत, कॉलेज उघडलं की क्लेव्हेंजर. आकडा १.४६५ च्या वर आला तर घाबरायचं नाही, पानं जून झाल्यावर ऑक्टोबरात पुन्हा घ्यायचं आणि तेव्हाच ठरवायचं की आणखी ट्रे भरायचे का.